बाबांच्या फोनवरचे नको ते मेसेज: ब्लॉक केले आणि ओटीपीच गायब झाला

कडीकोयंडा

नमस्कार मंडळी. जाहिरातींचे एसएमएस कसे बंद करायचे यावर आधीचे धागे चाळले. बहुतेकांची गाडी 'मेसेज दाबून धरा आणि ब्लॉक करा' इथे थांबते. माझी तिथून पुढे जाऊन खड्ड्यात गेली आहे, म्हणून नवा धागा काढतोय.

बाबा ७४ वर्षांचे. अँड्रॉइड फोन. मेसेजच्या चिन्हावर लाल गोलात आकडा बघितला तर ४,३१२ न वाचलेले. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर त्यांचा फोन घेऊन बसलो तो तिन्हीसांजेलाच उठलो. बाबा शेजारी खुर्ची ओढून. दर मेसेजला "हा कोण?" आणि मी ब्लॉक केला की "तुझ्या ओळखीचा होता का?" कर्ज घ्या, प्लॉट घ्या, वजन घटवा, बक्षीस लागलंय, पार्सल अडकलंय. एकशेतीसच्या वर नावं आणि नंबर ब्लॉक केले. त्यात त्यांच्या स्वतःच्या बँकेचाही एक होता, 'अभिनंदन! आपल्यासाठी कर्ज मंजूर.' चौऱ्याहत्तराव्या वर्षी! तोही उडवला.

गुरुवारी बाबा बँकेच्या ॲपमध्ये पत्ता बदलत होते. ओटीपी येईना. तीनदा मागवला. चौथ्यांदा ॲपने सांगितलं, आता चोवीस तासांनी या. मला फोन: "तू काहीतरी करून ठेवलंस." मी नेटवर्कवर ढकललं. संध्याकाळी जाऊन बघितलं तर मेसेजेसच्या 'स्पॅम अँड ब्लॉक्ड' या कप्प्यात तिन्ही ओटीपी ओळीने उभे, आणि त्यांच्या डोक्यावर ती कर्जाची जाहिरात.

एकाच नावाने दोन्ही येतात, मग जाहिरात तेवढी कशी अडवायची? आणि एकशेतीस ब्लॉक करूनही नवीन मेसेज येतच आहेत, ते का?

उनाड_पतंग

"तुझ्या ओळखीचा होता का?" 😂 बाबांना दंडवत.

मधली_सुट्टी

+१. आमच्या आईकडे याच्या उलट. ती प्रत्येक मेसेज उघडून वाचते आणि 'थँक यू' असं उत्तरही पाठवते. वाचतेय, धागा वर राहू दे.

तारायंत्र

कडीकोयंडा, तुम्ही बटण बरोबरच दाबलंत. फक्त त्या बटणाकडून तुमची जी अपेक्षा आहे ते काम ते करत नाही. (बरीच वर्षं कंपन्यांचे मेसेज पाठवणाऱ्या यंत्रणांवर काम केलंय. म्हणजे मी शत्रुपक्षातला.)

तुम्ही मला मेसेज केलात तर त्यावर तुमचा नंबर येतो. कंपनी मेसेज पाठवते तेव्हा प्रेषकाच्या रकान्यात नंबराऐवजी नाव घालता येतं, रोमन लिपीत जास्तीत जास्त ११ अक्षरं. हे नाव म्हणजे पाकिटाच्या मागे लिहिलेलं 'प्रेषक'. काही देशांत ही नावं आधी नोंदवून घ्यावी लागतात, काही ठिकाणी कुणीही काहीही लिहून मोकळा होतो. तुमचा फोन पाकिटावरचं नाव वाचतो आणि त्या नावाच्या गठ्ठ्यात पाकीट टाकतो. लिहिणारा खरा कोण, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्यामुळे बँकेचा खरा ओटीपी, बँकेच्याच मार्केटिंग खात्याची जाहिरात आणि तेच नाव चोरून एखाद्या भामट्याने धाडलेला मेसेज, असे तिन्ही एकाच संभाषणात एकाखाली एक बसू शकतात. तुम्ही ब्लॉक केलंत ते पाकिटावरचं नाव.

आता ब्लॉक होतं कुठे ते बघा. मेसेज निघतो तो आधी मोबाइल कंपनीच्या मेसेज सेंटरमध्ये येतो. फोन बंद असेल तर तिथे वाट बघतो, फोन सापडला की उतरतो. फोन 'पोचला' अशी पावती नेटवर्कला देतो आणि मग तुमची ब्लॉकची यादी उघडून बघतो. म्हणजे पाठवणाऱ्याच्या वहीत तुमच्या नावापुढे 'पोचला' हीच नोंद. तुम्ही त्याला दाराबाहेर ठेवलंय हे त्याच्या गावीही नाही, तो उद्या पुन्हा पाठवणार.

साध्या नंबरवरून येणाऱ्या भामट्यांची गोष्ट तर आणखी वेगळी. त्यांच्याकडे सिमचा ढीग असतो. एक नंबर तापला की फेकला, दुसरा घेतला. तुम्ही ब्लॉक केलेल्या एकशेतीसांपैकी असे जे नंबर असतील, ते बहुतेक पुन्हा वापरलेच जाणार नाहीत. रिकाम्या खोल्यांना कुलपं घालत बसलात तुम्ही.

कडीकोयंडा

तीन तास! आणि बाबांची उलटतपासणी वेगळी.

बरं, मग बँकेचं काय करू?

तारायंत्र

आधी अनब्लॉक करा. 'स्पॅम अँड ब्लॉक्ड'मध्ये जाऊन ते संभाषण उघडा, तिथेच पर्याय आहे.

मग बँकेच्या ॲपमध्ये किंवा साइटवर सूचना नाहीतर संपर्क अशा नावाचं पान शोधा. ऑफर्स, प्रमोशन्स असं काहीतरी चालू असतं, ते बंद करा. खातं उघडताना फॉर्मवर बारीक टायपातली एक खूण आपण न वाचता करतो, ती संमती तिथे जाऊन मागे घ्यायची. ओळखीच्या कंपनीची जाहिरात उगमापाशी थांबवायची. अनोळखी असेल तर फोनपाशी. हे दोन वेगळे आजार आहेत, एका गोळीने जात नाहीत.

आणि एक. 'ब्लॉक' दाबताना खाली 'रिपोर्ट स्पॅम' अशी खूण असते. भामट्यांसाठी ती जरूर ठेवा. पण गुगलच्या मेसेजेस ॲपमध्ये रिपोर्ट केलं की त्या संभाषणातले शेवटचे काही मेसेज गुगलकडे जातात. ज्या गठ्ठ्यात ओटीपी आणि खात्यातली शिल्लक आहे तो गठ्ठा रिपोर्ट करू नये.

निशिगंध

मी आयफोनवाली. आमच्याकडे मेसेजेसच्या सेटिंगमध्ये अनोळखी प्रेषक वेगळे काढायची सोय आहे (शब्दरचना आवृत्तीगणिक थोडी बदलते). ते चालू केलं की संपर्कयादीत नसलेल्यांचे मेसेज वेगळ्या यादीत जाऊन पडतात आणि फोन वाजत नाही. एकेक ब्लॉक करत बसायची भानगडच नाही. दोन वर्षं शांतता आहे.

रिकामं_बाकडं

शांतता आहे खरी. मी तेच चालू केलं होतं. घरात पाणी गळत होतं, एका नळदुरुस्तीवाल्याने 'उद्या सकाळी येतो, चालेल का?' म्हणून मेसेज केला. त्याचा नंबर साठवलेला नव्हता. चार दिवसांनी अनोळखींच्या यादीत सापडला. खाली त्याचाच दुसरा मेसेज होता: 'बरं, नको तर नको.'

निशिगंध

हे खरंय. मी रात्री झोपताना एकदा ती यादी बघते. सांगायचं राहिलं.

शब्दकोडं

कीवर्ड लावून कुणी अडवलेत का? माझ्या सॅमसंगच्या मेसेज ॲपमध्ये नंबरांसोबत वाक्यांशही ब्लॉक करता येतात. मी 'लोन' टाकला. पहिल्या आठवड्यात विकेट पडली ती माझ्याच गृहकर्जाच्या हप्त्याच्या आठवणीची. दंड बसला. दुसरीकडे भामटे 'लोन'मधल्या रोमन ओच्या जागी शून्य टाकतात, अक्षरांमध्ये टिंबं टाकतात, ते आरामात आत. चाळणीतून दाणे खाली, खडे वर.

पाऊलवाट

एवढं सगळं कशाला? मेसेजला 'स्टॉप' असं उत्तर पाठवा, बंद होतात. मी पाच-सहा ठिकाणी केलंय, बंद झाले.

उनाड_पतंग

अजिबात करू नका!! उत्तर दिलं की त्यांना कळतं की नंबर जिवंत आहे. मग दुप्पट येतात. माझ्या एका मित्राने...

पाऊलवाट

मित्राचं सोडा, मी स्वतः केलेलं सांगतोय.

उनाड_पतंग

तुमचं नशीब.

तारायंत्र

भांडू नका, दोघंही आपापल्या जागी बरोबर आहात. ज्याच्याकडे तुम्ही स्वतः कधीतरी नंबर दिलाय, म्हणजे दुकान, विमा, वर्तमानपत्राची वर्गणी, त्यांच्या मेसेजमध्येच 'बंद करायचं असेल तर स्टॉप पाठवा' असं लिहिलेलं असेल तर पाठवा. त्यांना कायदा आणि गिऱ्हाईक दोन्ही सांभाळायचं असतं. ज्याचं नावही कधी ऐकलं नाही त्याला उत्तर देऊ नका, शिवीसुद्धा नाही. त्याच्या लेखी शिवी म्हणजे 'माणूस हजर आहे'. दुव्याचंही तेच. बऱ्याचदा प्रत्येक नंबरासाठी वेगळा दुवा तयार केलेला असतो, तुम्ही नुसता उघडलात तरी कुणी उघडला ते त्याला समजतं.

मधली_सुट्टी, आईंच्या 'थँक यू'बद्दल काहीतरी करा.

मधली_सुट्टी

आईला सांगून बघितलं. म्हणाली, "कुणी अभिनंदन केलं तर उत्तर द्यायला नको?"

शुद्धलेखन_पोलीस

थोडं अवांतर. 'एसएमएस' १६० अक्षरांचाच का, याची गंमत वाचण्यासारखी आहे. १९८५ साली फ्रीडहेल्म हिलेब्रांट या जर्मन अभियंत्याने बॉन शहरात घरी टाइपरायटरवर मनाला येतील ती वाक्यं, प्रश्न लिहून त्यांची अक्षरं मोजली. जवळजवळ सगळी १६० च्या आत बसली. यंत्रणेत जागा १४० बाइटांची, त्यात सात-सात बिटांची १६० रोमन अक्षरं मावतात. पण देवनागरी त्या सात बिटांत बसत नाही. तिच्या एकेका चिन्हाला सोळा बिटं लागतात, म्हणून मराठी मेसेज ७० चिन्हांत संपतो. तेही काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजून. 'नमस्कार' उच्चारायला चार अक्षरं, पण जागा खातो सात.

पुढची गंमत. ३ डिसेंबर १९९२ ला नील पॅपवर्थने पहिला एसएमएस पाठवला, नाताळच्या शुभेच्छांचा. तो पाठवला कॉम्प्युटरवरून, कारण तेव्हाच्या फोनवर मजकूर टाइप करायची सोयच नव्हती. ज्याला मिळाला त्याला फोनवरून उत्तरही देता येत नव्हतं. म्हणजे कॉम्प्युटरवरून आलेला, उत्तर न देता येणारा, सणाच्या शुभेच्छांचा मेसेज. पहिलाच!

उनाड_पतंग

आणि तेव्हा ब्लॉकचं बटण नव्हतं.

कडीकोयंडा

🙏 हे बाबांना वाचून दाखवलं. सात अक्षरांचा हिशोब त्यांनी बोटांवर मोजून बघितला.

बरं, आणखी एक त्रास. फोनच्या पडद्यावर मध्येच एक चौकट येते, गाणं लावा, भविष्य बघा अशी, खाली 'ओके' आणि 'कॅन्सल'. बाबा घाईत 'ओके' दाबतात आणि पैसे कापले जातात. हा मेसेज ब्लॉक करायला गेलो तर मेसेजच्या यादीत तो नाहीच.

तारायंत्र

तो एसएमएसच्या गठ्ठ्यात येणारच नाही. ती चौकट सिमकार्डातून येते. फोनमधल्या ॲपच्या यादीत 'सिम टूलकिट' नाहीतर मोबाइल कंपनीच्या नावाचं एक दुर्लक्षित चिन्ह असतं, आपण कधी उघडत नाही. ते उघडा, आत सेवा चालू-बंद करायची जागा बहुतेक सापडते, बंद करा. आणि 'ओके'मुळे जी सेवा सुरू झाली असेल ती मोबाइल कंपनीला सांगून वेगळी बंद करावी लागेल, नुसती चौकट घालवून पैसे कापायचे थांबत नाहीत.

आपत्तीचा इशारा म्हणून कर्कश वाजणारा मेसेजही असाच वेगळा. तो सेल ब्रॉडकास्ट. टॉवर आपल्या टापूतल्या सगळ्या फोनना एकदम हाक मारतो, त्यात तुमचा नंबर वापरलेलाच नसतो. त्याचे स्विच वेगळ्या सेटिंगमध्ये असतात. ते मात्र चालू राहू द्या.

अनामिका_२

जरा वेगळं विचारते. तुमचं सगळं जाहिरातींचं चाललंय. माणूस ब्लॉक करायचा असेल तर?

जास्त लिहीत नाही. ओळखीचा आहे, दिवसातून वीस-वीस मेसेज. ब्लॉक केला की दुसऱ्या नंबरवरून. आधी गोड, मग धमक्या. मला ते दिसायलाच नकोत असं वाटतं, पण उद्या तक्रार करायची वेळ आली तर दाखवू काय?

निशिगंध

अनामिका, आधी इथे लिहिलंस ते बरं केलंस. माझ्या बहिणीच्या वेळी हे सगळं केलंय, म्हणून नीट सांगते.

ब्लॉक करायच्या आधी आलेले सगळे मेसेज तसेच ठेव, पुसू नकोस. प्रत्येकाचा स्क्रीनशॉट काढ. वर नंबर आणि तारीख-वेळ दिसली पाहिजे. नंबराऐवजी तू साठवलेलं नाव दिसत असेल तर त्या नावामागचा नंबर दिसेल असा एक वेगळा काढ. सगळं फोनबाहेर कुठेतरी ठेव, आणि विश्वासातल्या एका माणसाकडे एक प्रत. आम्ही एक साधी वही केली होती: तारीख, वेळ, कुठला नंबर, काय लिहिलं.

तुझा फोन कुठला ते बघ. आयफोनवर ब्लॉक केलेल्याचे मेसेज कुठेच साठत नाहीत. नंतर अनब्लॉक केलंस तरी मधले परत मिळत नाहीत. म्हणजे धमकी आली होती हे तुलाही कळणार नाही. अँड्रॉइडवर गुगलचं मेसेजेस वापरत असशील तर ते 'स्पॅम अँड ब्लॉक्ड'मध्ये पडून राहतात. म्हणून बहिणीच्या आयफोनवर आम्ही ब्लॉक न करता त्या संभाषणाचा आवाज आणि सूचना बंद केल्या. तिने बघायचं बंद केलं. दर दोन दिवसांनी फोन माझ्याकडे, मी बघून वहीत उतरवायचे.

धमकी आहे म्हणतेस, तर तक्रारीला 'वेळ येण्याची' वाट बघू नकोस. पोलिसांकडे जाताना कुणालातरी सोबत ने. व्यनि (खाजगी निरोप) केला आहे.

तारायंत्र

निशिगंध यांच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. फक्त एक भर: त्याला एकही उत्तर नको, 'पुन्हा मेसेज करू नकोस' असं एकदा स्पष्ट लिहून झालं असेल तर तेवढं पुरे. आणि फोन विकू किंवा रिसेट करू नका.

अनामिका_२

व्यनि बघितला. सगळ्यांचे आभार. बाकी इथे लिहीत नाही.

साखरझोप

मूळ विषयावर. ब्लॉक करणारी बाहेरची ॲप कशी आहेत? एक टाकायच्या बेतात होतो, ते म्हणतं 'मला मेसेजचं मुख्य ॲप करा'.

तारायंत्र

ते तसं का म्हणतं सांगतो. अँड्रॉइड ४.४ पासून, म्हणजे २०१३ पासून, फोनवर एकच ॲप मेसेजचा मुख्य कारभारी असतं. मेसेज साठवणं, पुसणं त्याच्याच हातात. ब्लॉक करायचं तर त्याला ती गादी हवी. आणि गादी दिली की तुमचा प्रत्येक मेसेज ते वाचणार, ओटीपीसकट. ॲप कुणाचं आहे, फुकट असेल तर त्याचं पोट कशावर भरतं, हे विचारल्याशिवाय ही गादी कुणाला देऊ नये. बऱ्याच ॲपांना तुमची संपर्कयादीही लागते. तुमच्या सोयीसाठी तुमच्या मावशीचा नंबर भलत्याच्या सर्व्हरवर जायचा.

आयफोनवर २०१७ पासून, आयओएस ११ पासून, चाळणीची ॲप चालतात, पण ॲपलने त्यांना आखडून ठेवलंय. ओळखीच्यांचे मेसेज त्यांना दिसतच नाहीत, फक्त अनोळखी प्रेषकांचे दिसतात, आणि आयमेसेज (ॲपलची स्वतःची, इंटरनेटवरून चालणारी मेसेजसेवा) अजिबात नाही.

माझं मत विचाराल तर फोनसोबत आलेलंच ॲप, त्यातलं 'स्पॅम प्रोटेक्शन' चालू, बस.

साखरझोप

मावशीचा मुद्दा पटला. नाही टाकत.

चौथा_डबा

परवाचा अनुभव. गर्दीच्या ठिकाणी उभा होतो, मेसेज आला. बँकेच्या नेहमीच्या गठ्ठ्यात, खऱ्या ओटीपींच्या खाली: 'आपले खाते आज बंद होईल, येथे माहिती भरा.' उघडणारच होतो. तेवढ्यात शेजारचा माणूस दुसऱ्याला म्हणाला, "अरे, माझं खातं बंद होणारे!" तिसऱ्यालाही तोच. त्याचं तर त्या बँकेत खातंच नव्हतं! हा काय प्रकार?

तारायंत्र

शेजारचा मोठ्याने बोलला म्हणून वाचलात.

बऱ्याच शक्यता आहेत, पण एकाच जागी, एकाच वेळी, भलत्यांनाही तोच मेसेज म्हणजे बनावट टॉवरचा संशय घ्यायला जागा आहे. याला एसएमएस ब्लास्टर म्हणतात. गाडीत किंवा पिशवीत मावेल एवढं यंत्र. आसपासच्या फोनना ते खऱ्या टॉवरपेक्षा जवळचं वाटतं. फोन त्याला चिकटतो, यंत्र त्याला ओढून टू-जीवर आणतं. टू-जीमध्ये एक जुनी खोट आहे: नेटवर्क फोनची ओळख तपासतं, पण फोन नेटवर्कची ओळख तपासत नाही. मग हवं ते नाव लावून मेसेज टाकायचा आणि फोन सोडून द्यायचा. मोबाइल कंपनीच्या गाळण्या इथे निरुपयोगी, कारण हा मेसेज कंपनीच्या दारातून गेलेलाच नाही. पाठवणाऱ्याला तुमचा नंबर माहीत असण्याचीही गरज नाही.

अँड्रॉइड १२ पासून काही फोनांवर सिमच्या सेटिंगमध्ये टू-जी बंद करता येतं. आपत्कालीन कॉलला तरीही ते वापरलं जातं. मात्र तुमच्या भागात फक्त टू-जीच पोचत असेल तर फोन मुका होईल, ते बघून करा. आयफोनवर लॉकडाउन मोड लावला तर टू-जी बंद होतं, पण त्यासोबत इतरही बरंच बंद पडतं, त्यामुळे सरसकट सुचवणार नाही.

चौथा_डबा

केलं बंद. फोन चालतोय.

रिकामं_बाकडं

आता मला मेसेजच्या ॲपमध्येच चित्रं, बटणं, कंपनीच्या लोगोसकट जाहिराती यायला लागल्यात. हे एसएमएस वाटत नाहीत.

तारायंत्र

नाहीतच. ते आरसीएस, इंटरनेटवरून येतात. मेसेजेसच्या सेटिंगमध्ये 'आरसीएस चॅट्स' बंद केलंत की थांबतात. पण मग मित्रांशी त्याच ॲपवर जे वाचल्याची खूण, मोठे फोटो वगैरे चालतं तेही जातं. एकदोन कंपन्याच छळत असतील तर त्यांनाच ब्लॉक करा, इथे ब्लॉक चांगला लागू पडतो, प्रेषकाला दर वेळी नवं नाव घेणं सोपं नसतं.

मधली_सुट्टी

कुणी ७७२६ बद्दल बोललं नाही. माझी बहीण ब्रिटनमध्ये असते, तिकडे आलेला फसवा मेसेज या नंबरला पुढे धाडतात, मोबाइल कंपनी तपास करते. जुन्या कीपॅडवर 'स्पॅम' टाइप केलं की हेच आकडे येतात म्हणे.

तारायंत्र

हो, अमेरिकेतही तोच. बाकी देशांत तक्रारीचा मार्ग वेगळा असू शकतो, आपापल्या मोबाइल कंपनीच्या साइटवर बघावा. फोनमधला ब्लॉक तुमच्यापुरता. अशा तक्रारींवर कंपनीने नंबर तोडला तर तो सगळ्यांसाठी तुटतो.

कडीकोयंडा

धागा वर काढतोय, तीन आठवड्यांचा हिशोब द्यायला.

बँक अनब्लॉक केली. बँकेच्या ॲपमध्ये 'माझ्या पसंती' नावाचं पान पाच पायऱ्या आत दडवलेलं सापडलं, ऑफर्स बंद केल्या. ओटीपी येतात, कर्ज मंजूर व्हायचं थांबलं. ज्या दुकानांत आणि विम्यात बाबांनी स्वतः नंबर दिला होता तिथे 'स्टॉप' पाठवला. सातपैकी पाच गप्प झाले, एक अजून येतो, एकाने 'आपल्या प्रतिसादाबद्दल धन्यवाद' म्हणून नवीन ऑफर पाठवली. पाऊलवाट आणि उनाड_पतंग, दोघांना समान गुण. सिम टूलकिटमधली चौकट बंद. स्पॅम प्रोटेक्शन आधीपासून चालूच होतं. न वाचलेले ४,३१२ मात्र तसेच ठेवलेत, बाबा पुसू देत नाहीत.

आता नवीन प्रकार. त्या गुरुवारनंतर बाबांना 'स्पॅम अँड ब्लॉक्ड' हा कप्पा माहीत झाला. रोज सकाळी चहाच्या आधी ते आधी तोच उघडतात. म्हटलं बाबा, तो कचरा आहे, तुम्हाला दिसू नये म्हणून तिकडे टाकलाय. तर म्हणे, "तू काय काय लपवलंयस ते बघायला नको?"

उनाड_पतंग

😂😂 म्हणजे आता जाहिराती लक्ष देऊन वाचल्या जातात!

निशिगंध

हसू नका, मीही रोज रात्री तेच करते. काही सापडलं का त्यांना?

कडीकोयंडा

तेच सांगायचं होतं. परवा सापडला. दंतवैद्यांनी नवीन नंबरावरून वेळ बदलल्याचा मेसेज केला होता, त्यात नकाशाचा दुवा होता म्हणून की काय, फोनने तो स्पॅममध्ये लोटला. बाबांनी 'नॉट स्पॅम' कुठे दाबायचं ते मला फोन करून विचारलं, वेळेवर जाऊन आले. दुवा उघडला नाही, दवाखान्यात आधी फोन करून खात्री केली. नंबर त्यांनी स्वतः साठवलाय, 'दात' या नावाने.